पानगृहातील रंगभूमी



नाटक आणि मद्य हे दोन शब्द जवळजवळ आले की मराठी माणसाला पहिल्याने आठवण होते ती 'एकच प्याला'ची. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले, आणि सुधाकराच्या हातातल्या त्या पेल्याने आपल्या कित्येक पिढ्यांच्या मनांवर जो धाक बसवला तो अजून पुरता ओसरलेला नाही. मद्यपानाविषयीचे नाटक आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. परंतु मद्यपानगृहातच नाटक व्हावे, तेही थिल्लर नव्हे तर विचार करायला लावणारे, आणि शेजारच्या खोलीत पेल्यांचा किणकिणाट चालू असताना पन्नास-साठ माणसांनी ते श्वास रोखून पाहावे, ही कल्पना आपल्या पचनी पडणे जरा जड जाते. लंडन शहरात मात्र अशी नाट्यगृहे एक-दोन नव्हेत, चांगली पुष्कळ आहेत. त्यांचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्रजांचा 'पब' म्हणजे आपला गुत्ता नव्हे. 'पब्लिक हाऊस' या शब्दांचे ते लघुरूप. सार्वजनिक घर हा त्याचा सरळ अर्थ. तिथे दारू मिळते हे खरे. पण गावच्या पाराचे, चावडीचे आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलाचे जे काम आपल्याकडे चालते, ते सारे तिकडे पबमध्ये चालते. संघटनांच्या सभा, लग्नाच्या मेजवान्या, मुष्टियुद्धाच्या कुस्त्या, गाणी-बजावणी यांसाठी पबच्या मागच्या अंगाला किंवा माडीवर एखादी मोठी खोली असावयाची. आपल्या गोष्टीचे खरे स्थळ ती खोली आहे.

या खोलीचा इतिहास सांगताना लंडनमधले लोक एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारतात. १९७० साली इझ्लिंग्टन भागातल्या 'किंग्ज हेड' या पबमध्ये डॅन क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाने नाट्यगृह थाटले. शेक्सपिअरच्या काळानंतरचे लंडनमधले ते पहिले पब-थिएटर, असे ते वाक्य. हे ऐकून परंपरेचे पुनरुज्जीवन झाले म्हणून आपल्यालाही बरे वाटते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर समाधान मानता कामा नये. शेक्सपिअरचा काळ आणि १९७० साल यांच्यामध्ये पावणेचारशे वर्षे पडतात. या पावणेचारशे वर्षांत इंग्रजांनी नाटक सोडले नव्हते आणि दारू तर नव्हतीच नव्हती. मग दोघांची गाठ सुटली कशी? ती सोडवली कोणी? आणि १९७० सालीच ती पुन्हा का बसली? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली की केवळ एका हौशी प्रकाराची नव्हे, तर रंगभूमी आणि सत्ता यांच्या संबंधांची हकीगत आपल्या हाती लागते.

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनमध्ये खास नाटकासाठी बांधलेले घर असे नव्हते. १५६७ साली व्हाइटचॅपेलला 'रेड लायन' येथे जॉन ब्रेन याने रंगमंच उभारला, आणि १५७६ साली त्याचाच मेहुणा जेम्स बर्बेज याने शोरडिच येथे 'थिएटर' याच नावाचे नाट्यगृह बांधले. त्याच्या आधी, आणि नंतरही वीस वर्षे, नटमंडळ्यांचा मोठा आधार होता तो सरायांचा. ग्रेसचर्च रस्त्यावरची 'बेल' आणि 'क्रॉस कीज', बिशप्सगेटची 'बुल', आणि लडगेट टेकडीवरची 'बेल सॅव्हेज' या चार सराया या बाबतीत प्रसिद्ध होत्या. 'बुल' आणि 'बेल सॅव्हेज' येथे अंगणात खेळ होत. उरलेल्या दोन ठिकाणी ते बहुधा आतल्या दालनात होत असावेत, असे अलीकडच्या संशोधकांचे मत आहे. पैसे गोळा करण्याची रीत मोठी व्यवहारी होती. विल्यम लँबार्ड नावाच्या समकालीन लेखकाने ती नोंदून ठेवली आहे: एक पेनी फाटकाशी, दुसरी मचाणाच्या दाराशी, आणि तिसरी निवांत उभे राहण्यासाठी.

या सरायांतले नाटक किती जवळचे होते याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. राणीच्या आश्रयाने १५८३ साली स्थापन झालेल्या नटमंडळीत रिचर्ड टार्ल्टन हा विदूषक होता. तो १५८८ साली वारला. त्याच्या पश्चात छापलेल्या विनोदसंग्रहात ही गोष्ट येते. 'बुल' सराईत पाचव्या हेन्री राजावरचे नाटक होते. त्यात राजपुत्र न्यायाधीशाच्या थोबाडीत मारतो असा प्रवेश आहे. न्यायाधीशाचे काम करणारा नट ऐन वेळी हजर नव्हता, म्हणून टार्ल्टन स्वतः न्यायाधीश झाला आणि त्याने ती थप्पड खाल्ली. थप्पडही चांगली सणसणीत बसली. मग लगेच तो आपल्या मूळच्या विदूषकाच्या वेषात आला. राजपुत्राने न्यायाधीशाला कशी थोबाडीत दिली ही हकीगत त्याला दुसऱ्या पात्राने सांगितली, तेव्हा तो म्हणाला की, नुसते ऐकूनच माझा गाल चुरचुरू लागला आहे! लोक हसून हसून बेजार झाले. ही गोष्ट अक्षरशः घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. प्रेक्षकाला नटाचा लाल झालेला गाल दिसतो आहे, आणि प्रेक्षकाला तो दिसतो आहे हे नटालाही दिसते आहे, या परस्परसंबंधावर सारा विनोद उभा आहे. लहान जागेतल्या नाटकाचे मर्म याहून सोपे करून सांगता येणार नाही.

परंतु लंडनच्या नगरपित्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ६ डिसेंबर १५७४ रोजी नगरसभेने ठराव करून सरायांतल्या नाटकांवर निर्बंध घातले. नाटकांसाठी गर्दी जमते, तिच्यात प्लेगची साथ पसरते, सराईच्या आडोशाच्या खोल्यांत अनाचार होतो, मुलेमुली बिघडतात, राज्यविरोधी बोलणे चालते, अशी कारणे त्यात दिलेली आहेत. नाटकाला परवाना हवा, जामीन हवा, आणि मिळकतीतला काही भाग रुग्णालयांतल्या गोरगरिबांसाठी दिला पाहिजे, असे ठरले. यांतली सगळीच कारणे ढोंगी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्लेग खराच होता, आणि तो गर्दीत खराच पसरत होता. पण साथ ओसरल्यावरही निर्बंध ओसरत नाहीत, हा अनुभव त्या काळापासूनचा आहे. ऑक्टोबर १५९४ मध्ये खुद्द लॉर्ड चेंबरलेन हन्स्डन याने आपल्या नटांना हिवाळ्यात 'क्रॉस कीज'मध्ये खेळ करू द्यावेत म्हणून महापौरांना पत्र लिहिले. या नटांमध्ये शेक्सपिअर हाही होता. म्हणजे पुढे ज्याच्या नावाने 'ग्लोब' गाजले, त्याच्या मंडळीलाही सराईची जागा हवीहवीशी वाटत होती. १५९६ च्या सुमारास मात्र शहराच्या हद्दीतल्या सराया नटांना कायमच्या बंद झाल्या, आणि नाटक हद्दीबाहेर, नदीपलीकडे गेले. हद्दीबाहेरच्या 'बोअर्स हेड' या सराईचे १५९८ साली नाट्यगृहात रूपांतर झाले, ती या परंपरेची शेवटची मोठी खूण. पुढे १६४२ साली पार्लमेंटने नाट्यगृहेच बंद केली, आणि १६६० साली राजसत्ता परतली तेव्हा दुसऱ्या चार्ल्सने नाटक करण्याचा अधिकार किलिग्र्यू आणि डॅव्हनंट या दोघांच्याच पदरात टाकला.

येथून दुसरे पर्व सुरू होते. पहिल्या पर्वात नगरपित्यांना भीती होती गर्दीची. दुसऱ्यात मंत्र्यांना भीती वाटू लागली शब्दांची. रॉबर्ट वॉलपोल हा प्रधानमंत्री हेन्री फील्डिंगसारख्यांच्या उपहासाने हैराण झाला होता. त्याने १७३७ साली कायदा करवून घेतला. प्रत्येक नवे नाटक रंगभूमीवर येण्यापूर्वी लॉर्ड चेंबरलेनकडून मंजूर झाले पाहिजे, आणि लंडनमध्ये गद्य नाटक करायचे ते राजसनद असलेल्या नाट्यगृहांनीच, असा त्याचा आशय होता. याचा अर्थ व्यवहारात असा झाला की ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन येथील दोन अवाढव्य घरे सोडली, तर बाकीच्यांनी संगीत, मूकाभिनय, नाच असल्या पळवाटा शोधायच्या.

माणसाला नाटकाची भूक असते, आणि कायद्याने भूक मरत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या पूर्व आणि उत्तर भागांत कामकऱ्यांची दाट वस्ती वाढली. तिच्यासाठी पबच्या शेजारी 'सलून' नावाची सभागृहे निघाली. सिटी रोडवरच्या 'ईगल' पबचे 'ग्रीशियन सलून' हे त्यांतले फार गाजलेले; हॉक्स्टनमध्ये सॅम्युएल लेन याने १८४१ साली सुरू केलेले 'ब्रिटानिया सलून' हे दुसरे. बाकावर बसावे, बिअर मागवावी, आणि समोर चाललेला गाणी-नकला-नाटुकल्यांचा मिश्र कार्यक्रम पाहावा, असा हा मामला होता. तेव्हा शेक्सपिअरनंतर १९७० पर्यंत पबमध्ये नाटक नव्हते हे वाक्य जसेच्या तसे खरे मानता येत नाही. नाटक होते, पण ते चोरपावलांनी, वेष पालटून वावरत होते.

आता १८४३ साल पाहा. हे साल मराठी श्रोत्यांना निराळे सांगायला नको. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भावे यांनी सांगलीला श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, आणि तो दिवस आपण मराठी रंगभूमीचा दिवस म्हणून पाळतो. त्याच्या काहीच महिने आधी, त्याच १८४३ सालच्या ऑगस्टमध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने नवा नाट्यगृह कायदा केला. या कायद्याने दोन नाट्यगृहांची जुनी मक्तेदारी मोडली, हे त्याचे मोठे पुण्य. पण त्याच्याबरोबर सलूनच्या मालकांपुढे एक विचित्र निवड येऊन उभी राहिली. नाटक करायचे असेल तर नाट्यगृहाचा परवाना घ्या. मग प्रेक्षागृहात दारू देता येणार नाही. दारू द्यायची असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून गाण्याबजावण्याचा परवाना घ्या. मग नाटक करता येणार नाही. पेला किंवा नाटक, दोहोंपैकी एक!

कायदे करणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. त्यांना प्रेक्षागृहात शिस्त हवी होती. परंतु या एका कलमाने इंग्रजी करमणुकीचे उभे दोन तुकडे केले. 'ब्रिटानिया'सारख्यांनी नाटकाची वाट धरली. इतर पबवाल्यांनी पेल्याची वाट धरली आणि त्यातून 'म्युझिक हॉल' हा नवा प्रकार जन्माला आला. चार्ल्स मॉर्टन याने १८५२ साली लँबेथमध्ये आपल्या 'कँटरबरी आर्म्स' या पबला जोडून जो हॉल काढला, त्याने या धंद्याला वळण लावले. यापुढे पबमध्ये गायचे, नाचायचे, नकला करायच्या. पण दोन पात्रांनी सुसंगत कथा म्हणून संवाद बोलायचे नाहीत. गंभीर नाटक सभ्य लोकांच्या नाट्यगृहात गेले, आणि गोरगरिबांच्या पेल्याजवळ गाणे तेवढे उरले. एका वर्गाची अभिरुची 'उच्च' आणि दुसऱ्याची 'हीन', असे जे पुढे म्हटले जाऊ लागले, त्याच्या मुळाशी स्वभावभेदाइतकाच हा परवान्याचा भेद होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्या पबजोड हॉलांवरही पुढे संक्रांत आली. १८७८ च्या कायद्याने आगीपासून संरक्षणासाठी बांधकामाचे कडक नियम लागू केले आणि योग्यतेचा दाखला सक्तीचा केला. गॅसच्या दिव्यांच्या त्या काळात हे नियम आवश्यकच होते. जळून मरणाऱ्यांना कलेच्या स्वातंत्र्याचा उपयोग नसतो. पण मोठ्या भांडवलाच्या हॉलांना तो खर्च झेपला, आणि पबच्या मागची अनेक लहान सभागृहे बंद पडली. जॉन विल्टन याने १८५९ साली पूर्व लंडनमध्ये एका पबच्या मागे बांधलेला हॉल पुढे मेथडिस्ट मिशनऱ्यांच्या ताब्यात गेला. तो सुदैवाने टिकला, आणि आज तिथे पुन्हा प्रयोग होतात. 'ईगल' आणि त्याचे 'ग्रीशियन' तर १८८२ साली मुक्तिफौजेच्या जनरल बूथ यांनी विकतच घेतले. नाटकाच्या आणि मद्याच्या घरावर प्रार्थनेने मिळवलेला तो विजय होता.

यानंतरची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे पबच्या माडीवरच्या खोलीत गंभीर नाटकाला जवळजवळ थारा नव्हता. १७३७ सालची पूर्वतपासणी १८४३ च्या कायद्यातही कायम राहिली होती, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमधला प्रत्येक नाटककार आपले हस्तलिखित राजवाड्यातल्या एका अधिकाऱ्याच्या कचेरीत पाठवीत होता. १९६५ साली एडवर्ड बाँड याच्या 'सेव्ह्ड' या नाटकात मोठी काटछाट करण्याचा हुकूम झाला. रॉयल कोर्ट थिएटरने खासगी मंडळाच्या सभासदांपुरता प्रयोग करून ती अडचण टाळू पाहिली, तरी त्यांच्यावर खटला होऊन ते दोषी ठरले. परंतु या खटल्यानेच जुन्या कायद्याचे हसे झाले. सप्टेंबर १९६८ मध्ये नवा नाट्यगृह कायदा अमलात येऊन पूर्वतपासणी नाहीशी झाली. त्या रात्रीनंतरच्याच दिवशी 'हेअर' हे संगीतक लंडनमध्ये सुरू झाले, हे सर्वांना आठवते. पण माझ्या मते त्याहून दूरगामी परिणाम झाला तो लहान जागांवर. यापुढे जागेचा परवाना स्थानिक नगरपालिकेने द्यायचा; तो देताना जिने, दारे, दिवे तपासायचे, संहिता नव्हे. माडीवरची खोली अशा रीतीने मोकळी झाली.

या पार्श्वभूमीवर १९७० सालचे किंग्ज हेड पाहिले म्हणजे त्याचे गूढ उरत नाही. क्रॉफर्ड हा विक्षिप्त आणि चिकाटीचा मनुष्य होता. पूर्वी मुष्टियुद्धासाठी वापरल्या जाणाऱ्या मागच्या खोलीत त्याने शंभरएक माणसांची सोय केली. १९७१ साली इंग्लंडने दशमान नाणी स्वीकारली, तरी त्याच्या बारवर कित्येक वर्षे हिशेब पौंड-शिलिंग-पेन्समध्येच चालत असे. रॉबर्ट पॅट्रिकचे 'केनेडीज चिल्ड्रन' १९७४ साली या खोलीत झाले आणि तिथून वेस्ट एंडच्या मोठ्या रंगभूमीवर आणि ब्रॉडवेवरही गेले. टॉम स्टॉपर्डसारख्या ख्यातनाम लेखकाचे मूळ रेडिओसाठी लिहिलेले एक नाटक १९८८ साली याच खोलीत प्रथम रंगमंचावर आले.

किंग्ज हेडच्या पाठोपाठ ही लाट पसरली. १९७१ साली सॅम वॉल्टर्स यांनी रिचमंडच्या 'ऑरेंज ट्री' पबच्या माडीवर नाटके सुरू केली. १९७२ साली शेफर्ड्स बुश येथल्या पबच्या माडीवर 'बुश थिएटर' निघाले. जागा जेमतेम ऐंशी. १९७९ साली नॉटिंग हिलला 'गेट' आणि इझ्लिंग्टनला 'ओल्ड रेड लायन', १९८० साली अर्ल्स कोर्टला 'फिनबरो', अशी ही मालिका आहे. फिनबरोत पन्नासच्या आसपास प्रेक्षक बसतात. बॅटर्सीतल्या एका पबवरच्या 'थिएटर ५०३' या साठएक जागांच्या खोलीत २००९ साली कॅटोरी हॉल या तरुण अमेरिकन लेखिकेचे 'द माउंटनटॉप' प्रथम झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या रात्रीवर बेतलेले हे नाटक. पुढच्याच वर्षी त्याला उत्कृष्ट नव्या नाटकाचे ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले. नॅशनल थिएटरसारखी सरकारी अनुदानाने पोसलेली नाट्यगृहे त्याच शहरात असताना हा मान पबच्या माडीवरून निघालेल्या नाटकाला मिळाला, याचा विचार केला पाहिजे.

याचे कारण काय? लहान खोलीत दोन गोष्टी घडतात. एक तर नटाला आवाज फेकावा लागत नाही. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे गुडघे रंगमंचाला टेकलेले असतात. तिथे नुसती पापणी लवली तरी ते वाक्य होते. खोटा अभिनय तिथे क्षणभरही टिकत नाही. आणि दुसरी गोष्ट हिशेबाची. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात अनोळखी लेखकाचे नाटक पडले तर निर्माता बुडतो. पन्नास खुर्च्यांच्या खोलीत पडले तर तीन आठवड्यांचा हुरूप बुडतो. अपयश स्वस्त असले म्हणजे धाडस वाढते. २००९ साली किलबर्नच्या 'कॉक टॅव्हर्न' पबमध्ये काही तरुणांनी पुच्चिनीचा 'ला बोएम' हा ऑपेरा इंग्रजीत केला. दुसरा अंक कॅफेत घडतो, म्हणून तो अंक त्यांनी खाली बारमध्ये, पिणाऱ्यांच्या गर्दीतच करून दाखविला! भव्य ऑपेरागृहाच्या कोणत्याही नेपथ्यकाराला हे साधले नसते. २०११ साली या प्रयोगालाही ऑलिव्हिए पारितोषिक मिळाले.

पण मित्रहो, येथेच थांबलो तर मी आपल्याला अर्धा इतिहास सांगितल्यासारखे होईल. अपयश स्वस्त असते असे मी म्हटले; ते कोणासाठी स्वस्त? एक साधा हिशेब करू. समजा, पन्नास खुर्च्या आहेत, तिकीट वीस पौंडांचे आहे, आणि आठवड्यातले सहाही प्रयोग पूर्ण भरले. तरी आठवड्याला सहा हजार पौंड झाले. त्यातून जागेचे भाडे, जाहिरात, दिवे, नेपथ्य, लेखकाचा हक्क हे गेले. उरलेल्यातून पाच नट, दिग्दर्शक, आणि पडद्यामागची माणसे यांनी आपली चार आठवड्यांची तालीम आणि प्रयोग यांचे वेतन काढायचे. आणि खोली रोज भरते कुठे? म्हणून या नाट्यगृहांत 'नफ्यातला वाटा' नावाची पद्धत रूढ झाली. नफाच नसला की वाटा शून्य, हे सांगायला गणिती नको. नटांच्या संघटनेने या प्रथेविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा चालविला आहे, आणि तो न्याय्य आहे. ज्याच्या घरी खायला आहे त्याला फुकट काम करून नाव मिळवता येते. ज्याच्या घरी नाही तो दाराबाहेरच राहतो. गरिबाच्या पबमधून निघालेली रंगभूमी अशा रीतीने सुखवस्तूंच्या मुलांची उमेदवारी होऊन बसण्याचा धोका आहे. लहान रंगभूमीचे कौतुक करताना हा धोका दृष्टीआड करणे हे कलावंतावर अन्याय करणे होय.

दुसरा धोका जागेचा. ज्या 'कॉक टॅव्हर्न'ने पारितोषिक मिळविले, ते नाट्यगृह त्याच २०११ साली बंद पडले. जुन्या इमारतीचा जिना सुरक्षिततेच्या नियमांत बसेना. १८७८ सालची कथा सव्वाशे वर्षांनी पुन्हा घडली. जी नाट्यगृहे यशस्वी झाली, त्यांनी तर एकामागून एक पब सोडले. ऑरेंज ट्री १९९१ साली रस्त्यापलीकडच्या जुन्या शाळेच्या इमारतीत गेले. बुश २०११ साली एका जुन्या वाचनालयात गेले. गेट २०२२ साली कॅमडनला गेले. खुद्द किंग्ज हेडही जानेवारी २०२४ मध्ये आपल्या मूळच्या मागच्या खोलीतून निघून पबच्या पाठीमागेच जमिनीखाली बांधलेल्या, दुपटीने मोठ्या नव्या घरात गेले. जिने चढू न शकणाऱ्या प्रेक्षकांची सोय झाली, विंगेत जागा मिळाली, हे सारे चांगलेच आहे. परंतु बुशसारखे नाट्यगृह ज्या खोलीतून बाहेर पडते, तिथे पुढचा अनोळखी लेखक जाईलच असे नसते. पबची मालकी बदलली, वरच्या मजल्यावर बिऱ्हाडे केली तर अधिक भाडे येते असे नव्या मालकाच्या ध्यानात आले, की एका दिवसात रंगभूमीची राहुटी होते.

आणि कायद्याचे काय झाले? मोठी गमतीची गोष्ट आहे. २००३ सालच्या आणि २००५ च्या नोव्हेंबरपासून अमलात आलेल्या परवाना कायद्याने दारू आणि नाटक या दोहोंसाठी एकच अर्ज, एकच परवाना अशी व्यवस्था केली. १८४३ साली ज्यांना परस्परांपासून तोडले होते, ते एकशे बासष्ट वर्षांनी एका कागदावर आले. २०१३ साली आणखी पुढचे पाऊल पडले: पाचशेपर्यंत प्रेक्षक असतील, आणि सकाळी आठ ते रात्री अकराच्या दरम्यान प्रयोग असेल, तर नाटकासाठी हा परवाना लागतच नाही. टार्ल्टनच्या पिढीला स्वप्नातही दिसले नसते असे हे स्वातंत्र्य आहे. नगरपिते गेले, लॉर्ड चेंबरलेनची तपासणी गेली, दंडाधिकारी गेले. माडीवरच्या खोलीच्या दाराशी आता घरभाडे तेवढे उभे आहे. आणि त्याच्याशी वाद घालायला ना संसद आहे ना न्यायालय.

आपल्याकडे पाहू. आपल्या लहान रंगभूमीला पबची खोली मिळणे शक्यच नव्हते. १९४९ चा दारूबंदीचा कायदा होता, आणि त्याहून बळकट अशी मध्यमवर्गाची लाज होती. म्हणून आपण दुसरी खोली शोधली. १९७४ साली 'आविष्कार'ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, आणि पुढे त्या जागेच्या नावाने एक चळवळच ओळखली जाऊ लागली. किंग्ज हेड आणि छबिलदास यांच्यात चारच वर्षांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधारही नाही. दोन शहरांत एकच गरज निर्माण झाली होती: मोठ्या नाट्यगृहाचे भाडे न परवडणाऱ्या नव्या नाटकाला डोक्यावर छप्पर हवे होते. लंडनमध्ये ते पबवाल्याने दिले, दादरला शाळेने. फरक एवढाच की लंडनच्या खोलीवर १९६८ नंतर संहिता तपासणारा कोणी नव्हता. आपल्याकडे १९७२ साली तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या साऱ्या इतिहासातून मला जे दिसते ते एवढेच. गर्दीची भीती, शब्दांची भीती, दारूची भीती, आगीची भीती. एकेका भीतीने एकेक कायदा केला, आणि प्रत्येक वेळी नाटकाला लहान खोलीतून बाहेर काढले. त्यांतल्या काही भीती खऱ्या होत्या, काही बनावट होत्या. पण बाहेर काढलेले नाटक प्रत्येक वेळी पुन्हा एखाद्या खोलीच्या शोधात परतले. कोणत्याही गावात नवे नाटक निघेल की नाही, हे त्या गावात प्रतिभावान लेखक किती आहेत यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच आपली मागची खोली संध्याकाळी तीन तास नटांना देणारा एखादा घरमालक तिथे आहे की नाही, यावरही असते. इतिहासात लेखकाचे नाव राहते, घरमालकाचे राहत नाही. आपल्या गावातल्या वाचनालयाच्या, शाळेच्या, मंगल कार्यालयाच्या किल्ल्या ज्यांच्या हाती आहेत, असे काही गृहस्थ आणि भगिनी आजच्या सभेत बसलेल्या असतील. त्यांनी आपल्या रिकाम्या खोलीकडे एकदा या दृष्टीने पाहावे, आणि ती देताना नटांना दोन पैसे उरतील असा हिशेब करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.